मोडलेला हातोडा आणि न सुटलेला गुलाम

आपल्या चळवळीने झुंज घेतली ती मुख्यतः शब्दाशी. कविता, कथा, आत्मकथन, वैचारिक लेख यांतून आपण प्रस्थापित संस्कृतीची उलटतपासणी केली. चित्राच्या वाटेला मात्र आपण फारसे गेलो नाही. चित्र म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली आणि संग्रहालयातली वस्तू, भाकरीच्या प्रश्नाशी तिचा काय संबंध, अशी एक समजूत आपल्यात आहे. ती अगदीच खोटी नाही. जगातली बहुतेक मोठी चित्रे राजांनी, धर्मपीठांनी आणि धनिकांनी पैसे मोजून काढून घेतली आहेत. परंतु पैसे मोजणाऱ्याला जे सांगायचे असते तेवढेच चित्र सांगते, असे नाही. कधी कधी त्याला नको असलेलेही काही त्यात शिरते. अशाच एका चित्राविषयी मला लिहायचे आहे. ते ख्रिस्ती संताचे चित्र आहे, परदेशातले आहे, पावणेपाचशे वर्षांपूर्वीचे आहे. तरीही त्यात जमिनीवर उताणा पडलेला जो माणूस आहे, तो मला परका वाटत नाही.

मी तालुक्याच्या गावी एका शाळेत चित्रकला शिकवत असे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवायची, स्थिरचित्र, स्मरणचित्र, अक्षरलेखन करून घ्यायचे, हे माझे काम. वर्गात दाखवायला काही छापील चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवली होती. त्यांत व्हेनिसच्या टिंटोरेटोचे ‘गुलामाचा चमत्कार’ हे चित्र होते. मी ते दाखवत असे ते एका तांत्रिक कारणासाठी. माणूस आपल्याकडे डोके करून आडवा पडला, तर त्याचे अंग डोळ्यांना आखूड दिसते. ते आखूडपण कागदावर कसे धरायचे, हे या चित्राइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

एकदा मी मुलांना चित्राची गोष्टही सांगितली. मालकाने गुलामाला छळायचे फर्मान काढले, संत आकाशातून उतरला, हत्यारे मोडली, गुलाम वाचला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, मग तो सुटला का?” मी म्हणालो, “सुटला की.” तो म्हणाला, “म्हणजे परत मालकाकडं नाही गेला?” मला उत्तर देता आले नाही. तास संपला, मुले गेली. मी तो पुठ्ठा हातात घेऊन बसलो. इतकी वर्षे मी त्या माणसाच्या छातीच्या आणि मांडीच्या रेषा मोजत होतो. त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

आधी चित्र काय आहे ते पाहू. टिंटोरेटोने ते १५४८ साली पुरे केले. कॅनव्हासवर तैलरंगात काढलेले हे चित्र सुमारे साडेतेरा फूट उंच आणि पावणेअठरा फूट रुंद आहे. म्हणजे आपल्या खेड्यातल्या एखाद्या खोलीची आख्खी भिंत. आज ते व्हेनिसच्या अकादेमिया संग्रहालयात आहे. चित्राच्या मध्यभागी, अगदी पुढे, एक उघडा माणूस जमिनीवर उताणा पडला आहे. डोके आपल्याकडे, पाय आत. भोवती मोडक्या हत्यारांचे तुकडे विखुरले आहेत. त्याच्या सभोवार पगडीवाले, चिलखतवाले, सरदार, शिपाई, बघे यांची दाटी झाली आहे. डावीकडे लेकराला कडेवर घेतलेली एक बाई वाकून पाहते आहे. उजवीकडे उंच आसनावर लाल वस्त्रातला मालक बसला आहे. तो दचकून पुढे झुकला आहे. एक पगडीवाला मारेकरी त्याच्याकडे वळून, हात उंचावून, मोडलेला हातोडा दाखवतो आहे. ‘हे बघा धनी, मोडला!’ असेच जणू तो म्हणतो आहे. आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून, पाय वर आणि डोके खाली अशा अवस्थेत, झेप घेतल्यासारखा संत मार्क खाली येतो आहे. त्याला पंख नाहीत. दगड पडावा तसा तो जडपणे येतो आहे.

चित्रामागची कथा तेराव्या शतकातल्या ‘लेजेंडा ऑरिया’ या संतचरित्रांच्या संग्रहात आहे. हा ग्रंथ याकोपो या डोमिनिकन साधूने रचला. पुढे तो जेनोआचा आर्चबिशप झाला. कथा थोडक्यात अशी. फ्रान्समधल्या प्रोव्हांस प्रांतातल्या एका सरदाराच्या गुलामाने संत मार्कच्या समाधीच्या दर्शनाचा नवस केला होता. मालक परवानगी देईना. शेवटी मालकाच्या भयापेक्षा देवाचे भय मोठे मानून गुलाम न विचारता निघून गेला आणि दर्शन घेऊन परत आला. मालक संतापला. त्याचे डोळे फोडा, असे त्याने फर्मावले. अणकुचीदार लाकडी खुंट्या आणल्या, त्या मोडल्या. मग पाय तोडा म्हणाला. कुऱ्हाडींचे लोखंड शिशासारखे मऊ पडले. मग तोंड आणि दात हातोड्यांनी फोडा म्हणाला. हातोडेही निकामी झाले. तेव्हा मालकाला पश्चात्ताप झाला, त्याने क्षमा मागितली आणि गुलामाला बरोबर घेऊन तो स्वतः मार्कच्या समाधीला गेला.

शिक्षांचा हा क्रम नीट पाहिला पाहिजे. डोळे, पाय, तोंड. जे डोळे समाधी पाहून आले ते फोडायचे. जे पाय विनापरवानगी चालले ते तोडायचे. ज्या तोंडाने प्रार्थना केली ते ठेचायचे. हा नुसता राग नव्हे, यात हिशेब आहे. ज्या इंद्रियाने हुकूम मोडला त्या इंद्रियाला शिक्षा. आपल्याला हा हिशेब नवा नाही. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत तापवलेले शिसे ओतावे, वेद उच्चारणाऱ्याची जीभ छाटावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते. प्रोव्हांसचा सरदार आणि आपला धर्मसूत्रकार यांची कधी गाठ पडलेली नाही. तरी दोघांची दृष्टी एकाच ठिकाणी पोचली. माणसाला माणूसपण येते ते पाहण्याने, चालण्याने, ऐकण्याने आणि बोलण्याने. म्हणून मालकी टिकवायची तर घाव तिथेच घातला पाहिजे, हे दोघांनाही कळले होते.

आता व्हेनिसकडे वळू. कारण हे चित्र कोणत्या गावात आणि कोणाच्या पैशाने झाले, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. संत मार्क हा व्हेनिसचा ग्रामदैवत म्हणावा असा संत. त्याचे शव व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी ८२८ साली अलेक्झांड्रियातून पळवून आणले. मुसलमान जकातदारांनी हात लावू नये म्हणून ते डुकराच्या मांसाखाली लपवले होते, अशी कथा आहे. म्हणजे ज्या समाधीच्या दर्शनासाठी गुलामाला चोरून जावे लागले, ती समाधीच मुळी चोरून आणलेली! चित्र काढून घेतले ते ‘स्कुओला ग्रांदे दि सान मार्को’ या संस्थेने. स्कुओला म्हणजे शाळा नव्हे. तो गृहस्थांचा धार्मिक संघ असे. त्यात सधन बंधू असत आणि गरीब बंधूही असत. सधनांनी दानधर्म करायचा, गरिबांनी तो घ्यायचा आणि बदल्यात मिरवणुकीला व अंत्ययात्रेला हजर राहायचे, अशी ती रचना होती. अशा संघाच्या सभागृहात हे चित्र लागले.

त्या काळच्या व्हेनिसमध्ये गुलाम ही केवळ पुराणातली गोष्ट नव्हती. काळ्या समुद्राकडच्या बाजारांतून तार्तार, चर्केस, रशियन स्त्री-पुरुष आणून विकण्याचा धंदा व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या केला. तुर्कांनी १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल घेतल्यावर तो आटला. मग आफ्रिकेतून आणलेले काळे गुलाम घरांत दिसू लागले. १५४५ पासून व्हेनिसच्या लढाऊ गलबतांवर साखळदंडाने बांधलेले कैदी वल्ही मारू लागले. ज्यूंना १५१६ सालीच एका बेटवजा वस्तीत कोंडले होते. रात्री तिचे दरवाजे बंद होत. ‘घेटो’ हा शब्द जगाला दिला तो या वस्तीने. आणि चित्र पुरे झाले त्याच १५४८ साली रोममध्ये पोप तिसरा पॉल याने गुलाम विकत घेण्याची व बाळगण्याची मुभा दिली. याच पोपने १५३७ साली अमेरिकेतल्या आदिवासींना गुलाम करू नये असे जाहीर केले होते. धर्मपीठाची करुणा दूरच्या माणसासाठी एक आणि दारातल्या माणसासाठी दुसरी अशी असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

अशा शहरात, अशा साली, चित्राच्या मध्यभागी गुलामाचे उघडे शरीर आले. ते कोणी आणले? चित्रकाराचे खरे नाव याकोपो रोबुस्ती. बाप कापड रंगवणारा रंगारी. इटालियन भाषेत रंगारी म्हणजे ‘तिन्तोरे’. त्याचा पोरगा म्हणून ‘टिंटोरेटो’, म्हणजे छोटा रंगारी. बापाच्या धंद्याचे हे नाव त्याने टाकले नाही, उलट त्याच नावाने जगात ओळखला गेला. त्याचा चरित्रकार कार्लो रिदोल्फी सांगतो की, पोरगा असताना तो टिशियन या बड्या चित्रकाराकडे शिकायला गेला आणि थोड्याच दिवसांत त्याला तिथून काढून टाकण्यात आले. हे चित्र काढले तेव्हा त्याचे वय तीस वर्षांच्या आसपास होते. फ्रेंच विचारवंत सार्त्र याने १९५७ साली त्याच्यावर दीर्घ निबंध लिहिला आणि त्याला व्हेनिसच्या प्रतिष्ठितांशी जन्मभर झगडणारा कारागिराचा मुलगा म्हणून उभा केला.

पण इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. रंगाऱ्याचा पोर म्हणून टिंटोरेटोला ‘आपला’ ठरवण्याची घाई करू नये. रंगारी हा श्रेणीबद्ध धंदा होता. त्यांना संघात जागा होती, देवळात जागा होती. टिंटोरेटोला श्रीमंतांची कामे हवी होती. ती मिळवण्यासाठी तो कमी पैशांत काम घेई आणि इतरांच्या आधी पुरे करून टाकी. १५६४ साली दुसऱ्या एका संघाने चित्रकारांकडून कच्चे आराखडे मागवले, तर याने पुरे चित्रच छताला बसवून दिले आणि ते दान म्हणून जाहीर केले. याला विद्रोह म्हणत नाहीत. पोटासाठीची धडपड म्हणतात. तो विद्रोही होता की नव्हता, हा आपला प्रश्न नाही. त्याच्या हातून काय उतरले, हा आपला प्रश्न आहे.

जे उतरले ते पाहून संघाच्या मंडळींत दोन तट पडले. रिदोल्फी म्हणतो, वाद इतका झाला की टिंटोरेटोने चित्र काढून घरी नेले आणि पुढे मनधरणी झाल्यावर परत दिले. नेमका कशावरून वाद झाला, यावर विद्वानांनी बरेच लिहिले आहे. त्या काळातला नामांकित लेखक पिएत्रो आरेतीनो याने एप्रिल १५४८ मध्ये चित्रकाराला पत्र लिहून जमिनीवरच्या नग्न देहाची तोंड भरून स्तुती केली. ती कातडी खरी आहे, तो देह जिवंत आहे, असा त्याचा अभिप्राय. शेवटी मात्र त्याने घाई कमी करून धीर धर, असा सल्लाही दिला. म्हणजे ज्याला चित्र आवडले त्यालाही त्याचा वेग खुपला.

हा वेग समजून घ्यायचा तर त्या काळच्या चित्रशैलीबद्दल दोन शब्द सांगावे लागतील. तिला ‘मॅनरिझम’ म्हणतात. इटालियन ‘मानिएरा’ म्हणजे ढब. राफाएल १५२० साली वारला. त्याच्या पिढीने चित्रात जो समतोल आणला होता, त्यात सगळे जागच्या जागी असे. संत मध्ये आणि वर, दाते बाजूला, गरीब खाली, मागे निवांत आभाळ. पुढच्या पिढीच्या चित्रकारांनी हा समतोल मोडला. देह पिळवटलेले, गर्दी दाटलेली, उजेड अवचित, तोल जाईल अशा उभ्या राहण्याच्या तऱ्हा. त्यात कित्येकदा नुसते कौशल्य मिरवणे होते, हे खरे. पण काळही तसाच होता. १५१७ पासून युरोपात धर्माची एकसंधता फुटली. १५२५ मध्ये जर्मनीतले शेतकरी उठले. ख्रिस्ताने आपले रक्त सांडून मेंढपाळापासून सरदारापर्यंत सर्वांना सोडवले आहे, मग आम्ही कुणाच्या मालकीचे कसे, असे त्यांनी आपल्या बारा मागण्यांच्या जाहीरनाम्यात विचारले. त्यांना कापून काढण्यात आले आणि ल्यूथरने सरदारांची बाजू घेतली. १५२७ मध्ये सम्राटाच्या सैन्याने रोम लुटले. जगाचा तोल गेला होता. चित्राचा तोल जाणे त्याला धरूनच होते.

टिंटोरेटोने या ढबीचा उपयोग कसा केला, ते चित्रात दिसते. तो मेणाच्या, मातीच्या लहान बाहुल्या करून दोऱ्यांनी वर टांगत असे आणि खालून, बाजूने दिव्याचा उजेड टाकून त्यांचे आकार अभ्यासत असे. मार्कचा उलटा झेपावणारा देह अशा अभ्यासातून आला. पण तो उलटा काढण्याचा परिणाम काय झाला? संताचे तोंड अंधारात गेले. ज्याच्या नावाने संघ उभा, ज्याच्यासाठी पैसे मोजले, त्याचा चेहरा धड दिसत नाही. दिसतात ते पाय आणि वस्त्राचा घोळ. आणि ज्याच्या अंगावर लख्ख उजेड पडला आहे, तो आहे गुलाम. वरचा उलटा देह आणि खालचा उताणा देह यांच्यामध्ये सगळी प्रतिष्ठित मंडळी सापडल्यासारखी झाली आहेत. संघातल्या काही जणांना हे चित्र रुचले नसेल, तर मला नवल वाटत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. या एवढ्या गर्दीत कोणीही संताकडे पाहत नाही. मालक पाहत नाही, शिपाई पाहत नाहीत, लेकुरवाळी बाई पाहत नाही. सगळ्यांच्या नजरा आहेत त्या पडलेल्या माणसाकडे आणि मोडलेल्या हातोड्याकडे. संत आपल्याला दिसतो, त्यांना दिसत नाही. त्यांना एवढेच दिसते की, काल चालणारे हत्यार आज चालत नाही. मला वाटते, चित्राचे खरे बळ इथे आहे. मालकाच्या चेहऱ्यावर भक्ती नाही, भीती आहे. ज्याच्यावर आपली सत्ता उभी आहे ते लोखंड ऐन वेळी मोडू शकते, हे त्याला पहिल्यांदाच कळले आहे. मारेकऱ्याच्या उंचावलेल्या हातातही गोंधळ आहे. तो हुकमाचा ताबेदार. त्याची ओळखच मुळी त्या हातोड्याने होती.

इथवर चित्र आपल्या बाजूचे वाटते. पण मग मागच्या बाकावरच्या त्या मुलाचा प्रश्न पुढे येतो. तो सुटला का?

कथेत तो छळातून सुटतो, गुलामीतून सुटत नाही. मालक क्षमा मागतो ती देवाची आणि संताची. मग गुलामाला घेऊन तो यात्रेला जातो. म्हणजे जी यात्रा गुलामाने स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या हिकमतीवर केली होती, तीच आता मालकाच्या मागून, मालकाच्या परवानगीने करायची! कथाकाराच्या दृष्टीने हा सुखान्त आहे. मालक सुधारला, देवाचा महिमा वाढला, सर्वांचे भले झाले. माणूस विकत घेता येतो या व्यवस्थेला मात्र ओरखडाही उठला नाही. इटालियन भाषेत या चित्राला ‘संत मार्क गुलामाला मुक्त करतो’ असेही नाव आहे. मुक्त कशातून, हे ते नाव सांगत नाही.

चमत्काराच्या सर्व कथांची ही मर्यादा आहे आणि ती आपण आपल्या मातीत अनुभवली आहे. चोखोबाची कथा घ्या. देवाच्या गळ्यातला हार चोख्याकडे सापडला, म्हणून त्याला बैलांना बांधून ओढत न्यायची शिक्षा झाली. बैल जागचे हलेनात, कारण विठ्ठलाने त्यांची शिंगे धरली होती, असे लोक सांगतात. प्रोव्हांसचा हातोडा आणि पंढरपूरचे बैल यांत फरक नाही. देव धावला, शिक्षा टळली आणि चोख्याला देवळाबाहेर ठेवणारा नियम होता तिथेच राहिला. पुढे १३३८ साली मंगळवेढ्याला भिंतीच्या कामावर राबताना ती भिंत कोसळून चोखोबा गेले. ती भिंत धरायला कोणी आले नाही. समाधी झाली ती महाद्वाराबाहेर, पायरीपाशी. देवळाचे दार उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींनी प्राण पणाला लावल्यावर.

माझे आजोबा त्याआधी वारीला जात. त्यांच्याकडे गावकीच्या येसकरकीची पाळी असे. वारीला जायचे तर पाळी भावकीतल्या कोणावर तरी टाकायची आणि पाटलाला विचारायचे. पाटील कधी हो म्हणे, कधी नाही. नाही म्हटले की ते वर्ष गेले. एका वर्षी आजोबा न विचारता गेले. परत आल्यावर त्यांना कोणी मारले नाही. त्या साली खळ्यावरचे बलुते मात्र मिळाले नाही. घरात आजी हे सांगे तेव्हा वारीचे वर्णन कधीच करीत नसे. त्या हिवाळ्यात काय खाल्ले, तेवढेच सांगे. आजोबांच्या पाठीवर वळ नव्हते, त्यामुळे त्यांच्यासाठी कोणी चमत्कार करण्याचाही प्रश्न नव्हता. उपाशी ठेवण्याला हातोडा लागत नाही, मग मोडणार काय? १९५६ नंतर ते पंढरपूरला गेले नाहीत. महार वतन कायद्याने गेले ते १९५८ च्या कायद्याने. तेव्हापासून कुठे जायचे ते कोणाला विचारावे लागले नाही.

गुलाम आणि अस्पृश्य एकच, असे मी म्हणत नाही. डॉ. बाबासाहेबांनी या दोघांची तुलना करून दाखवले आहे की, गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ तरी होता. अस्पृश्याच्या जगण्यामरण्याशी कोणाचे काही अडत नव्हते. परंतु महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे नाव आपल्या ग्रंथाला दिले आणि तो अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हा हे नाते त्यांनी जोडून ठेवले आहे. त्या अर्पणात एक भेद स्पष्ट आहे. फुल्यांनी ग्रंथ अर्पण केला तो हत्यार मोडणाऱ्या संताला नव्हे, कायदा आणि बाजार मोडण्यासाठी झगडलेल्या माणसांना.

म्हणून या चित्राच्या चौकटीबाहेर दोन गोष्टी राहिल्या आहेत, असे मी आता माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. एक आधीची आणि एक नंतरची. आधीची गोष्ट म्हणजे गुलाम निघाला तो क्षण. प्रोव्हांसहून व्हेनिस म्हणजे शेजारचे गाव नव्हे. त्या वाटेवर त्याच्याबरोबर कोणी संत नव्हता. परत आल्यावर काय होईल, हे त्याला माहीत होते. तरी तो चालला आणि तरी तो परत आला. कथा या धैर्याला एका वाक्यात आटोपते आणि चमत्कारावर पानभर रेंगाळते. मला विचाराल तर हुकूम मोडला तो गुलामाने. संताने मोडले ते फक्त लाकूड आणि लोखंड. नंतरची गोष्ट म्हणजे दावे सुटल्यावर हा माणूस उठून कुठे गेला. ती गोष्ट कथेला ठाऊक नाही, कारण मालकाने क्षमा मागितली की कथेचे काम संपते.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, तेव्हा बाबासाहेबांनी सांगितले होते की, देवळात गेल्याने आपले सारे प्रश्न सुटतील असे नव्हे. माणूस म्हणून आपला हक्क मानला जातो की नाही, याची ही कसोटी आहे. कसोटी झाली. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी वेगळ्या वाटेची घोषणा केली. प्रोव्हांसच्या गुलामाला जी नंतरची गोष्ट मिळाली नाही, ती आपल्याला मिळाली. ती कोणी वरून खाली झेप घेऊन दिलेली नाही.

मग हे चित्र टाकून द्यावे काय? मला तसे वाटत नाही. ज्या संघाने ते लावले, तो संघ नेपोलियनच्या काळात बरखास्त झाला. त्याची इमारत आज व्हेनिसचे सार्वजनिक रुग्णालय आहे. दान देणारे गेले, दान घेणारे गेले, चित्र राहिले. रंगाऱ्याच्या मुलाने त्यात संतापेक्षा गुलामाला अधिक उजेड दिला आहे. ते त्याने ठरवून केले की हाताच्या ओघात झाले, याची चिकित्सा कलेचे इतिहासकार करोत. आपण त्या उजेडात पाहावे. प्रस्थापितांच्या कलेपुढे हात जोडून उभे राहण्याचे कारण नाही आणि ती आपली नव्हे म्हणून पाठ फिरवण्याचेही नाही. तिच्यासमोर उभे राहून, आपल्या अनुभवातून आलेला प्रश्न विचारला पाहिजे. चित्रकार कोण, काळ कोणता, शैली कोणती, हे सारे जाणून घ्यावेच. ते मी इथे सांगितले, ते त्यासाठीच. पण ते जाणून झाल्यावर थांबू नये.

शाळेतून निवृत्त होताना मी बाकीची चित्रे शाळेलाच दिली. हा एक पुठ्ठा घरी आणला. त्याचे कोपरे दुमडले आहेत, लाल रंग उडून विटकरी झाला आहे. तो मुलगा पुढे काय झाला, मला ठाऊक नाही. तो हुशार नव्हता, चित्रकलेत तर नव्हताच. इंटरमिजिएटला तो बसलाही नाही. पण चाळीस मुलांच्या वर्गात हातोडा मोडल्याचा आनंद मानून गप्प न बसणारा तो एकटाच होता, आणि शिकवणारा मीही त्या गप्प बसणाऱ्यांतच होतो.